आमेनला अडलेलं ताट

गेला महिनाभर आमच्या घरी एकही घास गरम पोटात गेला नाही. त्याला कारण आमचे हे.

हे कडब्याच्या गंजीवरून पडले आणि पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये गेला. तेव्हापासून वैरण मी कापायची, शेण मी काढायचं, पाणी मी ओढायचं. आणि यांनी खाटेवर बसून ताटावर हात जोडायचे. प्रभू, तू विश्वासू आहेस, तू आम्हाला सोडत नाहीस. शेवटचं आमेन मी म्हणायचं, ही लग्नापासूनची रीत. मी म्हणेनाच. सोडलं नाही म्हणे! मग माझ्या हातांवर हे फोड कशाचे? पण हेही हट्टी. माझं आमेन येईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. ताटावर माश्या घोंगावायला लागल्या की मीच चिडून पुटपुटायचे, आणि मग दोघांनी गारढोण जेवायचं.

आशा एकच होती, आमची तांबडी गाय. ती व्याली की तिच्या दुधावर घर तगणार होतं.

परवा सकाळी तांबडी अडली. वासराचा एक पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. शेजारचा सुतार धावत आला, त्याने दुमडलेला पाय सरळ केला आणि ओढायला दोरी बांधली. हे कुबड्या टेकत गोठ्यात आले आणि खांबाला पाठ लावून मोठ्याने प्रार्थना करायला लागले. मी म्हटलं, करा प्रार्थना, पण दोरीला हात लावून करा. बिचाऱ्यांनी लावला. दुपारी कसंबसं वासरू बाहेर आलं. त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, गवताने अंग चोळचोळ चोळलं. नाही घेतला त्याने श्वास. आणि तांबडी बसली ती उठेना. सुतार जाताना म्हणाला, ऊन उतरेपर्यंत उठली नाही तर तिचीही आशा सोडा.

घरात येऊन मी आमटी उकळली आणि ताटं वाढली. यांनी हात जोडले.

"प्रभू, तू..."

पुढे शब्दच नाही. मला असा राग आला म्हणून सांगू! महिनाभर माझं डोकं खाल्लं, आणि आज ऐन वेळी तोंडाला कुलूप. कुणीतरी बोलायला तर हवं होतं. मी डोळे मिटले.

"तू सोडत नाहीस असं हे रोज सांगतात," मी म्हटलं. "वासरू गेलं. ते मला पटलेलं नाही, आणि पटलं असं मी म्हणणारही नाही. पण तुझ्याशी नाही भांडायचं तर जायचं कुणाकडे? दिलेला शब्द पाळ. आमची गाय उठव."

एवढं बोलून थांबले. डोळे काही उघडेनात. यांच्या आमेनची वाट बघत बसले होते मी, माझं मलाच नवल वाटलं.

"आमेन," हे म्हणाले.

"जेवा आता. परत जाऊन तिला उठवायचंय."

पहिला घास तोंडात घातला आणि जीभ भाजली.