चकचकीत क्रँक

कारखान्यात त्यांना सगळे छर्रेकाका म्हणत. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग यंत्रात ठेवायचे आणि त्यांच्यावर बारीक छर्र्यांचा मारा करायचा, हे त्यांचं काम. या माऱ्याने वरचा पातळ थर दाबून घट्ट बसतो आणि रोजचे हिसके सोसून धातू थकला, तरी त्याला लवकर तडा जात नाही. मार खाऊन शहाणा होणारा हा एकच प्राणी, असं काका म्हणायचे. घरी मात्र विनोद ऐकायला कोणी नव्हतं. बायको गेली होती आणि मुलगा परगावी राहत होता.

मुलाला सायकलच्या शर्यतींचं वेड. “सायकलीने पोट भरतं का?” असं काका एकदा नको तितक्या तावातावाने बोलले आणि बापलेकांनी अबोला धरला. माफी मागणं काकांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मुलासाठी सायकलचा क्रँक बनवला, म्हणजे पेडल ज्यावर बसतं तो दांडा. छर्रे मारल्यावर तो खरबरीत, मळकट दिसू लागला. लेकाला असा कसा द्यायचा? त्यांनी तो घरी काचकागदाने घासघासून आरशासारखा केला आणि पाठवून दिला.

पुढच्या आठवड्यात कारखान्यात नव्या कारागिराने छर्रे मारलेला तयार भाग पॉलिशला घेतला, तसे काका त्याच्यावर खेकसले. घट्ट झालेला थरच घासून काढलास, तर ताकद उरेल कुठे? बोलता बोलता त्यांना मुलाला पाठवलेला क्रँक आठवला. लोकांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने स्वतः तेच केलं होतं. उतारावर तो दांडा तुटला, तर?

तिथेच, यंत्राशेजारी, त्यांनी मुलाला फोन लावला.

“तो क्रँक बसवू नकोस. माझी चूक झाली.” हे शब्द त्यांनी मुलाला आयुष्यात प्रथमच म्हटले.

“कुठे बसवणार, बाबा? सायकल कधीच विकली मी. तुम्हीच म्हणाला होता ना, सायकलीने पोट भरतं का?”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग त्याने तब्येत विचारली, काकांनी बरी आहे म्हणून सांगितलं आणि बोलणं संपलं.

काकांचा जीव भांड्यात पडला. पोरगं सुखरूप होतं. फोन हातात धरून ते उभेच राहिले. जन्मभर एकच तक्रार होती, मुलगा आपलं ऐकत नाही. हे एवढं एक त्याने ऐकायला नको होतं.