कुणाच्या दारात

"अजून वेळ गेलेली नाही, मिस्टर ट्रॉम्बली. दुसरा जज मागून घ्या," वकीलबाई पुन्हा म्हणाली. "हे जज तुम्हाला ओळखतात. अर्ज दिला तर केस शेजारच्या गावात जाईल."

"ओळखतो म्हणूनच तर, पोरी," लायल ट्रॉम्बली टोपी गुडघ्यावर ठेवत म्हणाला. "गॉर्डीला काही समजावून सांगावं लागणार नाही. त्याला सगळं ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

लायल नुसता हसला. शेजारी त्याची लेक नोरीन पर्सचा पट्टा पिळत बसली होती. तिलाही ठाऊक होतं, पण बाप बोलत नाही तर तिनं कशाला बोलावं? वकीलबाई बिचारी शहरातली, कोर्टानं फुकट दिलेली. तिनं नाद सोडला.

लायलनं गुन्हा कबूल केला होता. शिकारबंदीच्या दिवसांत, रात्री दिव्याच्या झोतानं दिपवून त्यानं हरणी मारली होती आणि वनरक्षकानं त्याला रंगेहाथ पकडलं होतं. पण त्या डोंगरातल्या काही घरांत थंडी सरता सरता चुलीवर ठेवायला काहीच उरत नाही. अशा घराच्या पोर्चवर रात्रीतून कुणीतरी मांस टांगून जातं. टांगणारा सांगत नाही, खाणारा विचारत नाही. लाकूडतोड्या लायलनं हे उमेदीच्या वयापासून केलं होतं.

त्यातलं पहिलं घर आर्लीन प्रॅटचं. तिचा नवरा लायलच्याच टोळीत होता, झाड अंगावर पडून गेला. पदरात एकुलता एक गॉर्डन. किती हिवाळे ते पोर लायलच्या हरणांवर पोसलं. एकदा मांस टांगताना लायलनं वर पाहिलं तर पोर खिडकीत जागं. लायलनं ओठांवर बोट ठेवलं. पोरानंही ठेवलं.

तोच गॉर्डन आता गावचा जज. या गावात जज व्हायला वकिली शिकावी लागत नाही, मतं पडावी लागतात, आणि ती लायलनं दारोदार फिरून मागितली होती. "आपल्यातला आहे," तो सांगायचा. "पोटाला चिमटा बसतो म्हणजे काय, ते त्याला शिकवायला नको."

अग्निशमन बंबाच्या शेजारच्या खोलीत कोर्ट भरलं. खोली गावकऱ्यांनी भरली होती. काळा झगा सावरत गॉर्डन प्रॅट बसला आणि त्यानं कागदांवरून नजर उचलली.

"तुम्ही घरी एकटे. एवढं मांस कुणासाठी होतं?"

लायलला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "गॉर्डी, हे तू विचारतोस?"

"जजसाहेब म्हणा. नाव सांगितलंत तर शिक्षेचा विचार करता येईल."

नाव सांगितलं असतं तर खाणीमागच्या ज्या एकट्या बाईसाठी हरणी मारली, तिच्या दारात उद्याच पोलीस गेले असते, आणि मागोमाग, पोसता येत नाहीत म्हणून तिची पोरं काढून न्यायला सरकारी माणसं. लायलनं मान हलवली. "नाही सांगता यायचं, जजसाहेब."

"मग ऐका," गॉर्डन म्हणाला. तो लायलकडे नाही, लोकांकडे पाहत होता. "मीही याच गावात बापाविना वाढलो. माझ्या आईनं लोकांचे कपडे शिवून मला मोठं केलं. आमच्या घरात चोरून मारलेल्या जनावराचा एक घास कधी आला नाही. गरिबीचं निमित्त माझ्यापुढे चालणार नाही."

नोरीन ताडकन उभी राहिली. "खोटं बोलतोय हा—"

लायलनं तिची बाही धरून तिला खाली बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

गॉर्डननं ते पाहिलं. हातातलं पेन थांबलं, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आता तरी, लायलला वाटलं. मग पेन पुन्हा चालू लागलं. एक महिना तुरुंग, सोमवारपासून. रायफल जप्त. शिकारीचा परवाना कायमचा रद्द.

तुरुंगाचं लायलला काही नव्हतं. पण ज्याला आपण आपला म्हटलं, त्यानं मेलेल्या आईला पुढे करून भर गावात खोटं सांगितलं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

"बोलला का नाहीत, बाबा?" गाडी चालवताना नोरीनला रडू आवरत नव्हतं. "एका वाक्यात गप्प झाला असता तो."

"आर्लीनचीही बेअब्रू झाली असती की."

"तिला जाऊन किती वर्षं झाली."

"म्हणून काय झालं?" लायल खिडकीबाहेर पाहत राहिला. मग म्हणाला, "मी त्याच्यासाठी मतं मागितली गं."

वाटेत प्रॅटांचं घर लागलं. आर्लीनचंच घर, आता गॉर्डननं नव्यानं रंगवलेलं. पोर्चच्या खांबावर, कुत्र्यांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचावर लायलनं एकदा मांस टांगायला जाडजूड खिळा ठोकला होता. तो अजून तिथेच होता. घराबरोबर त्यालाही पांढरा रंग दिला होता, आणि त्याला फुलांची टोपली टांगली होती.