दोन तारा एकदम वाजल्या तर

ब्राझीलमधल्या सांतो आमारोतल्या आमच्या शाळेतून एकच प्रयोग साल्वादोरच्या विज्ञान मेळाव्याला जाणार होता, आणि तो माझाच जायला हवा होता! रोबोटवाल्यांकडे दिवे लुकलुकत होते. माझ्याकडे काय? मामाच्या कापोएरा वर्गात तालावर लढाईचे डाव खेळायला शिकणारी चिल्लीपिल्ली, लाल-पांढऱ्या टोप्या आणि दोन बेरिंबाउ. एका तारेचं धनुष्य, खाली भोपळा. ते वाजेल तसं रिंगणात खेळायचं, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. मामाने जुनेच दिले होते. त्याच्या ‘गुंगा’ला, म्हणजे सगळा खेळ चालवणाऱ्या खर्जातल्या बेरिंबाउला, हात लावायची कुणाची टाप नाही.

"रक्ताच्या मूळ पेशीला सगळे डाव येतात," मी परीक्षक डॉक्टर एउलालियांना ठणकावलं. "कुठला खेळायचा, ते जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं ठरवतात. मी गाटा-वन. माझी तार वाजली की लाल पेशी. ही लुझिनेते, पीयू-वन. हिची वाजली की जंतू गिळणारी पांढरी. जिचा जोर, ती दुसरीची तार दाबते."

मी वाजवलं, लाल टोप्या. लुझीने वाजवलं, पांढऱ्या. टाळ्या!

"आणि दोघी एकदम वाजल्या तर?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

याची तालीमच नव्हती. "झालं! बस आता रस्त्यावर आकाराजेचे वडे तळत," लुझी कुजबुजली. नाइलाजाने दोघींनी हळूच वाजवलं. पोरं टोप्या टाकून आली आणि आमच्या पायाशी उकिडवी बसली.

"अगं, टोप्या घाला ना!" लुझी फिसकारली.

"कुठली घालू?" चिमुरडी तैनारा म्हणाली. "खेळ ठरेपर्यंत बेरिंबाउच्या पायाशी बसायचं असतं. एवढंही माहीत नाही तुला?"

सगळे हसले. माझे कान तापले, आणि मग डोक्यात लख्ख!

"बघा, हीच मूळ पेशी! दोन्ही तारा हळू वाजतायत, दोन्ही वाटा खुल्या, म्हणून ती थांबलीय." मी जोर वाढवत नेला, लुझीने तोंड वाकडं करत स्वतःची तार दाबली. एकेक करत सगळी डोकी लाल.

"आणि ती थांबलेलीच राहिली तर?"

"मग कच्च्या पेशींची गर्दी होते. रक्ताचा कर्करोगसुद्धा होऊ शकतो. म्हणून तर मला त्या तारा ऐकायला शिकायचंय."

डॉक्टरबाई हसल्या. "साल्वादोरला येताना टोप्या धुऊन आणा."

"माझी तार दाबून जिंकलीस हं!" लुझीने चिमटा काढला.

"तू नसतीस तर कुठलाही जंतू मला खाऊन गेला असता, बाई!"

पोरांमागे उभा असलेला मामा पुढे आला आणि त्याने आपला गुंगा माझ्या हातात दिला.