न उतरणारा घास

सूनबाईंचं जेवण म्हणजे एक सोहळाच. घास एवढा चघळायचा की दगड असता तरी विरघळला असता. मग मान ताणायची, छाती पुढं काढायची आणि भरल्या ताटावरून उठून उभ्याउभ्या घटाघटा पाणी प्यायचं. कधी सगळं ओकूनही टाकायचं. "माझ्या हातचं हिच्या नरड्याखाली उतरत नाही," हे सासूबाईंनी लेकीला, शेजारणीला, दूधवाल्यालासुद्धा सांगून झालं. शेवटी त्यांनी टेबलावरचा पाण्याचा जगच उचलला. ताट संपेपर्यंत उठायचं नाही, पाणी मागायचं नाही. नखऱ्यांना औषध एकच, शिस्त!

सून वाळत चालली. डॉक्टरांनी तपासणी सांगितली. मुलगा कामात अडकला, म्हणून सासूबाई स्वतः निघाल्या. सोबत कसली, पाळतच ती. सोंग उघडं पडताना त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

"आजी, तुम्ही इथं बसा," तपासणीच्या खोलीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आजी म्हणू नका. नातवंड अजून व्हायचंय."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि खाटेवरच्या सुनेकडे वळल्या. "घास अडकला की पाणी पिता का?"

सुनेनं सासूकडे ओझरतं पाहिलं. "आमच्याकडे जेवताना पाणी पीत नाहीत."

सासूबाई उगाच चष्मा पुसू लागल्या.

नाक बधिर करून बारीक नळी आत सरकवली. सुनेला उमासा आला, डोळे भरले, मुठी आवळल्या गेल्या. सासूबाईंचा हात पुढं झाला आणि कुठल्या तोंडानं धरू, म्हणून मागं आला.

"नळी आतला दाब मोजते. पडद्यावर लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी." डॉक्टरीणबाईंनी पिचकारीनं घोटभर पाणी तोंडात सोडलं. "गिळा. आता मी सांगेपर्यंत परत गिळू नका."

वर, घशाच्या जागी, रंग उसळला. त्याखाली सगळं निळं, निपचित. तळाशी मात्र एक जाड लाल पट्टा जागचा हलेना.

"तो पट्टा कसला?"

"जठराच्या तोंडाशी झडप असते. गिळलं की ती सैल पडायला हवी. यांची पडत नाही. घास खाली ढकलणारी लाटही उठत नाही."

"मग आजवर पोटात जात होतं ते कसं?"

"उभं राहून, पाण्याच्या भारानं. असे पेशंट ते आपलं आपणच शिकतात."

पुन्हा घोट, पुन्हा तोच पट्टा. सासूबाई खुर्चीवरून उठल्या.

"डॉक्टर, ती खोटं बोलली. आमच्याकडे सगळे पाणी पितात. हिलाच मी पिऊ देत नव्हते. उठूही देत नव्हते."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर तशी नोंद केली.

"उपाय आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे. झडप सैल करता येते. तोवर पातळ, सावकाश, आणि पाणी मागतील तेवढं."

नळी निघाली. सुनेनं नाक पुसलं. आवाज बसला होता. "आई, कशाला सांगितलंत? मी सांभाळून घेतलं होतं ना."

"सांभाळून घेतलंस, एवढंच तुझं चुकलं," सासूबाई म्हणाल्या. मघाशी मागं घेतलेला हात आता तिच्या मनगटावर घट्ट होता. "बाकी सगळा गुन्हा माझा. भरल्या घरात तुला उपाशी ठेवलं मी, आणि वर त्याला शिस्त म्हणाले. याला माफी पुरायची नाही, म्हणून मागत नाही."