थोरल्या घोंगडीचा संशय

मी एक जुनी घोंगडी आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी जवळ आलं की माझ्या मनात पहिला विचार येतो, याला काय हवं असेल? उंदीर येतो तो कुरतडायला. मूल येतं ते गुळाचे हात पुसायला. आणि मोठा माणूस गोड बोलत आला, की तो मला उचलून कोपऱ्यात टाकणार हे ठरलेलंच. चाळीस वर्षांत हेच पाहिलं, मग मी तरी काय करू?

माझी लोकर माण तालुक्यातल्या मेंढरांची. तिथल्या बायकांनी ती कातली. मग विणकराने खड्ड्यातल्या मागावर बसून दोन लांब पट्टे विणले आणि ते मधोमध शिवून मला एवढी मोठी केली, की माझ्यावर पंधरा माणसं मांडी घालून आरामात बसावीत. इस्लामपूरच्या बाजूला एका गावात पंचवीस-तीस ख्रिस्ती घरं आहेत आणि त्यांचं एक दगडी चर्च आहे. तिथली शहाबादी फरशी थंडीत इतकी गार पडते, की म्हातारी माणसं उपासनेला यायला कुरकुर करायची. म्हणून तेव्हाच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, मला मुद्दाम विणून घेतलं. गावात सगळे मला थोरली घोंगडी म्हणू लागले.

काय ते दिवस होते, मित्रांनो! डिसेंबर लागला की मला उसंत नसायची. दुपारी बायका ओसरीत मला अंथरायच्या आणि माझ्यावर बसून टोपल्याच्या टोपल्या करंज्या करायच्या. संध्याकाळी नाताळची गाणी गात घरोघर फिरलेली मंडळी परत आली, की पेटी आणि ढोलकी माझ्यावर ठेवून चहा प्यायची. मुलांच्या नाटकातली येशूबाळाची गव्हाण माझ्यावरच मांडायचे. नाताळच्या जेवणाला सारं गाव यायचं. चर्चमागच्या रानाचा मालक केरबा दर वर्षी माझ्यावर ऐसपैस बसायचा आणि म्हणायचा, "लय ऊब हाय गड्या हिला. आमच्या घरला न्हाई अशी." मला बरं वाटायचं. पण लगेच मनात यायचं, हा मला घरी तर नेणार नाही ना?

मग खुर्च्या आल्या. त्यांच्यापाठोपाठ लाल गालिचा आला. मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं, ते कायमचंच. नाताळ यायचा आणि जायचा, मला नुसती गाणी ऐकू यायची. उंदरांनी माझी एक किनार पार खाऊन टाकली. विचारपूस करायची ती एकटी शालूबाई. ती चर्च झाडायची आणि आवारातल्याच एका खोलीत राहायची. महिन्यातून एकदा ती मला ओढत बाहेर आणून ऊन दाखवायची. खरं सांगते, मला तिचाही संशय यायचा. फुकट कोण एवढं करतं?

यंदाच्या थंडीत गोष्ट घडली ती अशी. आप्पासो म्हणून चर्चच्या मंडळीचे एक पंच आहेत. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. उपासना संपल्यावर ते कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "ती कुबट घोंगडी नाताळच्या आत भाईर काढा. पाव्हणं येत्यात. लाज वाटती."

"आवं आप्पासो, जुनी वस्तू हाय," शालूबाई हळूच म्हणाली. "जरा सांधली, तर म्हाताऱ्या बायकांना बसाय हुईल."

"कोण सांधतंय आता? नाताळाआधीच्या शनवारी मी सोता उचलून टाकतो."

शालूबाई झाडू घेऊन बाजूला झाली. तिची खोली चर्चची आणि खोलीची किल्ली पंचांच्या हातात, त्यामुळे ती आप्पासोंना फार भ्यायची.

त्याच सुमारास केरबाच्या रानात मेंढरं बसली होती. दर हिवाळ्यात माण भागातले धनगर कळप घेऊन आमच्या बाजूला उतरतात. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना धान्य-पैसे देऊन बोलावून नेतात. यंदा हरिबा आणि त्याची बायको धोंडुबाई आली होती. भर दुपारी, रस्त्यावर कुणी नाही असं पाहून शालूबाईनं माझं गाठोडं केलं आणि मागच्या दाराने मला थेट त्यांच्या तळावर नेलं. मी मनात म्हटलं, झालं! विकलं मला.

धोंडुबाईनं मला उलगडलं आणि बोटांनी चाचपून पाहिलं. "आमच्याच मुलखाची लोकर हाय ही," ती म्हणाली. "किनार नवी घालाय पायजे. मग चिंचोक्याची खळ दिऊन वाळवायची, म्हंजी ताठ हुईल. आठ-धा दिस लागतील."

"चालतंय. पर बया, कुणाला सांगू नगंस," शालूबाई म्हणाली. "टाकायची म्हणून ठरल्यावर म्या ती उचलून आणली, हे आप्पासोंला कळलं तर मला खोलीतनं काढतील. नाताळादिशी एकदम अंथरते. ऊब लागली की सारी गप बसतील."

"न्हाई सांगत. बिरोबाची आन."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की हे ऐकून मी निवांत झाले असेन. छे! शपथ घेणाऱ्या माणसाचा तर मला जास्तच संशय येतो. धोंडुबाईनं मोठं दाभण काढलं, तेव्हा मला वाटलं, आता ही माझे तुकडे करून पोती शिवणार. तिनं आपल्या मेंढरांची लोकर माझ्या किनारीला लावली, तेव्हा वाटलं, आता मी कुणाला ओळखूही येणार नाही, मग ही मला खुशाल माणला घेऊन जाईल. रोज मेंढरांमागे पायपीट करून ती परतायची, भाकऱ्या थापायची आणि तीन दगडांच्या चुलीच्या उजेडात माझ्यावर वाकून बसायची. बोटांना दाभण टोचायचं, ती बोट तोंडात घालायची आणि पुन्हा टाका घालायची. हे सगळं मी पाहत होते. तरी मी तिला चोरच म्हणत होते.

शनिवार उजाडला. नाताळ चार दिवसांवर आला होता. आप्पासो मला टाकायला म्हणून चर्चमध्ये गेले, तर कपाटामागे मी नाही. झालं! ज्या माणसाला मी डोळ्यांसमोर नको होते, तोच माझ्यासाठी गावभर ओरडत सुटला. "देवाच्या घरातनं चोरी! चाळीस वर्साची घोंगडी! आमच्या बापजाद्यांची!" घटकेपूर्वी हेच मला कुबट म्हणून फेकायला निघाले होते, हे कुणाला आठवलंच नाही. आणि चोर कोण, हे शोधायलाही कुणी गेलं नाही. परगावचे लोक रानात उतरलेत, मग आणखी कोण असणार?

घटकाभरात वीस-पंचवीस माणसं तळावर आली. मी बाभळीच्या कुंपणावर वाळत पडले होते, अंगावर खळ, अर्धी ओली.

"ही बघा! गावली!" आप्पासो ओरडले. "हरिबा, हे काय रं?"

मी कुणाची, कुठून आले, हे धोंडुबाईनं हरिबालाही सांगितलं नव्हतं, तो नुसता बायकोकडे बघत राहिला. पाळकसाहेब जयराज तरुण आणि नवे. ते म्हणाले, "थांबा, आधी विचारू या. बाई, ही इथं कशी आली?"

धोंडुबाईनं गर्दीकडे पाहिलं. गर्दीत शेवटच्या रांगेत शालूबाई उभी होती. मला दोघी दिसत होत्या. धोंडुबाई तिच्याकडेच बघत राहिली. शालूबाईनं पदर तोंडाला लावला आणि खाली मान घातली.

"म्या चोरली न्हाई," धोंडुबाई म्हणाली. "कुणी दिली ते सांगता याचं न्हाई. आन घेतलीया."

लोक हसले. केरबाही मागे सरला. गाव सगळं एका बाजूला गेल्यावर तो एकटा काय करणार? "उद्या सकाळी माझं रान मोकळं करा," तो म्हणाला, पण हरिबाच्या तोंडाकडे बघून नाही. चांगल्या पंधरा दिवसांचं ठरलेलं बसणं गेलं. त्याहून मोठं म्हणजे नाव गेलं. चोर म्हणून निघालेल्या कळपाला पुढच्या गावात कोण रान देणार? हरिबानं ओंजळीत तोंड लपवलं. मी ते पाहिलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रविवार. कळप पहाटेच रान सोडून गेला होता. मला चर्चमध्ये आणून पुढे अंथरलं होतं, चोरी सापडली हे सगळ्यांना दिसावं म्हणून. म्हाताऱ्या बायका हौसेनं माझ्यावर येऊन बसल्या. नवी किनार बघून त्यांची कुजबुज चालू झाली. चोराने किनार कशाला घातली असेल? पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, तोच शालूबाई झाडू टाकून पुढे आली.

"घोंगडी म्या दिली हुती," ती म्हणाली. "सांधाय. आप्पासोंच्या भ्यानं काल बोलले न्हाई. त्या बाईनं माझ्यापायी मार खाल्ल्यावानी ऐकून घेतलं. आता खोली काढून घ्या, न्हाईतर काय बी करा."

आप्पासोंनी मिशीवरून हात फिरवला, मग तो हात तसाच खाली आणला. ते एवढंच म्हणाले, "टेम्पो काढा."

उपासना अर्धीच राहिली. मलाही गुंडाळून टेम्पोत घातलं. दोन तास शोधल्यावर ओढ्याकाठी कळप दिसला. उन्हात मेंढरं दमून उभी होती, रान अजून कुणी दिलं नव्हतं. आप्पासो खाली उतरले आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "बाई, चुकलो. चला माघारी. केरबाचं रान तुमचंच हाय."

धोंडुबाईनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती शालूबाईकडे बघत होती. शालूबाई रडत होती.

"माघारी न्हाई येत," धोंडुबाई म्हणाली. "त्या रानात मला आता झोप येणार न्हाई. तुमी येऊन बोललासा, तेवढं बास. गावोगाव तेवढं सांगा, आमी चोर न्हाई म्हणून." मग ती टेम्पोशी आली, माझ्यावरून हात फिरवला आणि सामानातून एक डबा काढून शालूबाईच्या हातात दिला. "खळीचा एक हात ऱ्हायलाय. काम अर्धं ऱ्हायलं, ते बरं न्हवं. उनात वाळवा."

त्या दिवशी परतताना आप्पासो वाटेतल्या प्रत्येक गावात टेम्पो थांबवत होते. ओट्यावर बसलेल्या माणसांना सांगत होते, हरिबाचा कळप आला तर रान द्या, माणसं सोन्यासारखी हायत. संध्याकाळी त्यांनीच गुडघे टेकून मला खळीचा शेवटचा हात दिला. शालूबाई शेजारी बसून दाखवत होती, असा नाही, असा. तिची खोली तिच्याकडेच राहिली.

मित्रांनो, या नाताळात माझ्यावर पंधरा म्हाताऱ्या बसल्या आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला ते गोड लागलं नाही. कारण खरी गोष्ट मलाच ठाऊक आहे. दहा दिवस त्या बाईची टोचलेली बोटं मी सगळ्यात जवळून पाहिली आणि तरी तिला चोर म्हटलं. मला तोंड नाही म्हणून बरं. असतं, तर आप्पासोंच्या आधी मीच ओरडले असते.

म्हणून हात जोडता येत नाहीत तरी एक विनंती करते. आम्हा जुन्या वस्तूंना जपा, अधूनमधून ऊन दाखवा. पण कुणाबद्दल मनात संशय आला, तर आधी त्याच्या हातांकडे बघा, ते काय काम करतायत ते. आणि ज्याला खरं माहीत आहे त्याने त्याच दिवशी बोलावं. रविवारपर्यंत थांबू नये. तोवर कळप निघून जातो.