रीताने काळ्या केलेल्या ओळी

मित्रांनो, मी एक जुनी सरावपुस्तिका आहे, इंग्रजीची. मला पाहून आता कुणाला ते ओळखू येणार नाही. माझ्या पानांवर काळ्या पट्ट्या आहेत आणि मुखपृष्ठ केव्हाच गेलं आहे. पण एके काळी मी कोरी होते, आणि माझ्याकडून मुलांना खूप काही शिकायचं होतं.

माझा जन्म सिंगापूरच्या एका छापखान्यात झाला. चीनमधून तिथे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी मला तयार केलं होतं. या मुलांना चिनी उत्तम येते, पण इंग्रजी येत नाही, आणि तिथल्या शाळेत जायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. म्हणून माझ्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला चिनीत नियम समजावलेला होता आणि खाली इंग्रजी वाक्यांत रिकाम्या जागा होत्या. आधी व्याकरण, मग शब्द, आणि शेवटी उतारे. उतारा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची.

माझी पहिली मालकीण लिन. वय तेरा. आईसोबत एका लहानशा खोलीत राहायची. तिची अडचण साधी होती. चिनी भाषेत क्रियापद बदलत नाही. काल गेले, आज जाते, उद्या जाईन, सगळीकडे एकच शब्द. त्यामुळे इंग्रजीत तिचा भूतकाळ नेहमी चुकायचा. शिकवणीच्या बाई लाल पेनाने फुली मारायच्या. तिच्या आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण लाल फुली ओळखता यायची. जितक्या फुल्या, तितके पट्टीचे फटके. लिन मला उघडायची ते डाव्या हाताने, कारण उजवा तळहात सुजलेला असायचा. माझी अर्धी पानं तिने अशी भरली.

परीक्षेत ती नापास झाली. निकाल लागला त्याच सकाळी आईने मला कचऱ्याच्या पेटीत टाकलं. लिन शेजारी उभी होती. तिने आईला थांबवायला हात पुढे केला नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

पुढे मला इतर रद्दीबरोबर दाबून गठ्ठ्यात बांधलं. गठ्ठा जहाजात चढला, मग ट्रकमध्ये, आणि शेवटी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कागद कारखान्यात येऊन पडला. तिथे रद्दी भिजवून तिचा लगदा करतात आणि नवा कागद काढतात. त्या आधी काही बाया रद्दी निवडायला बसतात. प्लास्टिक वेगळं, पिना वेगळ्या. त्यांच्यात कलाबाई होती. तिने मला उचललं, उलटंपालटं केलं आणि शेजारणीला म्हणाली, "इंग्रजीचं हाय वं हे. अर्धं कोरंच हाय. माह्या बहिनीच्या पोरीले होईल."

"आन हे किड्यामुंग्यावानी का लिवलं हाय?"

"असंन काही. इंग्रजी तं हाय ना!"

कलाबाईने मला पदराखाली घेतलं. लगदा होता होता मी वाचले. तेव्हा मला फार आनंद झाला होता.

कलाबाईच्या बहिणीचं घर गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यातल्या एका लहान गावात होतं. बहीण दोन वर्षांपूर्वीच तापाने गेली होती. घरी तिचा नवरा पत्रू आणि मुलगी रीता. पत्रू धान लावायचा, मोहफुलं वेचायचा. घरात माडिया बोलत. रीता अहेरीच्या रस्त्यावरच्या एका आश्रमशाळेत नववीत होती आणि तिथल्याच वसतिगृहात राहायची. माडिया तिची आईची भाषा, मराठी शाळेची, आणि इंग्रजी तिसरी. सूरजागडहून लोहदगड घेऊन येणारे ट्रक त्या रस्त्याने दिवसभर जात, आणि शाळेच्या खिडक्यांवर, ताटांवर, माझ्यावरही लाल धूळ बसे.

मित्रांनो, रीतासारखी वाचणारी मी दुसरी पाहिली नाही. चिनी नियम तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिने स्वतःच एक रीत काढली. लिनने भरलेली उत्तरं ती कागदाच्या चिठोऱ्याने झाकायची, आपलं उत्तर वहीत लिहायची, आणि मग चिठोरा सरकवून बघायची. जिथे लाल फुली असेल तिथे थांबायची. ही पोरगी इथे का चुकली असेल? विचार करता करता नियम तिला आपोआप सापडायचा. 'सिन्स' कधी आणि 'फॉर' कधी, हे तिला कुणी शिकवलं नाही. लिनच्या सात चुकांवरून ती ते शिकली. ज्या फुल्यांसाठी एका मुलीने मार खाल्ला, त्याच फुल्यांनी दुसरीला वाट दाखवली. आपण कामी आलो, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

शब्दांचं तर तिला वेडच लागलं. प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर ती मराठी अर्थ लिही आणि त्याच्याखाली माडिया. एका उताऱ्यात समुद्रातल्या दीपगृहाची गोष्ट होती. तिने समुद्र पाहिला नव्हता. तिने तो उतारा नऊ वेळा वाचला आणि पाचही प्रश्नांची उत्तरं बरोबर लिहिली. शाळेत इंग्रजीच्या चाचणीत ती पहिली आली.

रीताची एक मैत्रीण होती, दीपिका. दोघींच्या पेट्या शेजारी शेजारी. दीपिका रोज मला मागून घ्यायची.

"रीता, आज मले दे नं. उतारे पाहातो."

"घे नं. पर पानं मोडू नोको."

रीता तिला माझे नियम समजावून सांगायची. कोणतं उत्तर का चुकलं, तेही सांगायची. दीपिका ऐकायची, वहीत उतरवायची. चाचणीत ती दुसरी यायची. नेहमी दुसरी.

त्या हिवाळ्यात शाळेत सूचना लागली. नागपूरच्या एका चांगल्या निवासी शाळेत दहावीपासून पुढचं शिक्षण मिळणार होतं. प्रवेश परीक्षा इंग्रजीची होती आणि प्रत्येक आश्रमशाळेतून एकाच मुलीचं नाव पाठवायचं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, नाव रीताचं जाणार. दीपिकालाही ठाऊक होतं.

गुरुवारी दुपारी दीपिकाने मला रीताच्या पेटीतून काढलं. मला वाटलं, वाचायला नेते आहे. ती मला मुख्याध्यापकांच्या खोलीत घेऊन गेली. त्यांचं नाव हरिदास सर.

"सर, रीताजवळ हे पुस्तक हाय. चिनी हाय. कुठून आनलं ते सांगत नाई."

मित्रांनो, हे खोटं होतं. मी कुठून आले हे रीताने पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, आणि ते ऐकून दोघी पोट धरून हसल्या होत्या.

हरिदास सरांनी मला टेबलावर उघडलं. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेले. इंग्रजी त्यांना वाचता येत होती, पण त्यांची नजर चिनी ओळींवरच अडली. मग त्यांनी रीताला बोलावलं.

"का होय हे?"

"इंग्रजीचं पुस्तक होय, सर. मावशीनं कारखान्यातून आनलं."

"हे इंग्रजी होय? मले शिकवतं?" त्यांनी चिनी ओळींवर बोट आपटलं. "तुले मालूम हाय ना आपन कुठी राहातो? चीनचं पुस्तक, आन थेही नक्षलवाल्या भागात! उद्या कोनी पाह्यलं तं मले का विचारतीन?"

"सर, ह्या ओळी मले वाचता येत नाई. मी खालचंच वाचतो."

"वाचता येत नाई तं ठेवलं काहाले?"

त्याच संध्याकाळी पत्रूला बोलावणं गेलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो सकाळी निघून दुपारी पोचला. दोन्ही हात जोडून तो दारातच उभा राहिला. त्याला कुणी बस म्हटलं नाही. सरांनी एक कागद पुढे केला. माझ्या मुलीने आक्षेपार्ह पुस्तक जवळ बाळगलं, पुन्हा असं होणार नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. पत्रूला ते वाचता आलं नाही. त्याने विचारलं, "सायेब, पोरीनं का केलं?"

"अंगठा लाव. पोरगी शाळेत पाह्यजे ना तुले?"

त्याने अंगठा लावला. मग रीताकडे वळून त्याने तिच्या थोबाडीत मारली. त्याने तिला आजवर कधी मारलं नव्हतं. मारल्यावर तो स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला. साहेब खूश व्हावेत म्हणून त्याने मारलं होतं, आणि साहेब तेव्हा दुसऱ्या कागदावर सही करत होते.

रीता रडली नाही. ती म्हणाली, "सर, परीक्षेचा फॉर्म?"

सरांनी मला तिच्यासमोर टाकलं आणि खणातून दोन काळे पेन काढून दिले. "हे चिनी जितकं हाय तितकं समदं काळं कर. एकही अक्षर दिसलं नाई पाह्यजे. सोमवारी आनून दाखव, मंग पाहू फॉर्मचं."

शनिवार आणि रविवार ती व्हरांड्यात बसून मला काळं करत होती. बाकीच्या मुली तिच्याभोवती जमल्या. कुणी 'चिनी, चिनी' म्हणून ओरडलं, तशा सगळ्याच ओरडू लागल्या. दीपिका त्यांच्यात नव्हती. ती आत बसून आपली वही पाठ करत होती.

पेनाचं टोक माझ्यावर घासत होतं. मित्रांनो, मला चिनी वाचता येते. ती जे पुसत होती ते काय होतं, हे तिथे एकट्या मलाच कळत होतं. 'कर्ता एकवचनी असेल तर क्रियापदाला एस लावा.' ती ओळ काळी झाली. 'उतारा आधी पूर्ण वाचा, मग प्रश्न पाहा.' काळी झाली. समासात लिनने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आज फक्त दोन चुका.' रीताने त्यावरही पेन फिरवला. शाई पाठच्या बाजूला उतरत होती आणि तिथली इंग्रजी वाक्यंही बुडत होती. ती मधूनमधून पान उलटून बघायची, ओठ दाबायची, आणि पुन्हा पुढची ओळ घ्यायची. पहिला पेन शनिवारी संध्याकाळी संपला, दुसरा रविवारी दुपारी. उरलेली पानं तिने चुलीतला कोळसा उगाळून बोटाने काळी केली.

सोमवारी सकाळी तिने मला सरांच्या टेबलावर ठेवलं. तिची बोटं पार काळी झाली होती.

"सर, झालं समदं. आता फॉर्म द्या."

सर हजेरीपट बघत होते. त्यांनी मान वर केली नाही आणि मला उघडूनही पाहिलं नाही. "फॉर्म तं शुक्रवारीच गेला. दीपिकाचं नाव पाठवलं."

रीताने माझं एक काळं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"मंग मले काळं कराले काहाले लावलं, सर?"

"शिस्त लागाले," ते म्हणाले. "जा वर्गात."

पत्रू दारात उभा होता तेव्हा सर ज्या कागदावर सही करत होते, तो हाच फॉर्म होता.

मला त्यांनी स्वयंपाकघरात जाळायला पाठवलं. तिथल्या रुखमाबाईला वाचता येत नाही, पण तिने रीताला व्हरांड्यात दोन दिवस पाहिलं होतं. तिने मला जाळलं नाही. तांदळाच्या कोठीवर, पोत्याखाली ठेवून दिलं. स्वयंपाकघरातली बोलणी मला तिथून ऐकू यायची. दीपिका परीक्षेत पास झाली. दीपगृहाचा नाही, पण तसाच एक उतारा आला होता म्हणे, आणि तिची पाचही उत्तरं बरोबर आली. ती नागपूरला गेली. जाताना ती रीताला भेटली नाही.

रीता दहावीपर्यंत तिथेच राहिली. वर्गात मागे बसायची. बोर्डाच्या इंग्रजीच्या पेपरात तिने बैठक क्रमांक लिहिला आणि बाकीचा पेपर कोरा ठेवून तीन तास बसून राहिली. पर्यवेक्षक बाईंनी विचारलं तर म्हणाली, "येत नाई." पोरगी मंद आहे, असा शेरा हरिदास सरांनी दिला.

पेटी घेऊन ती कायमची घरी निघाली, त्या दिवशी रुखमाबाईने मला पोत्याखालून काढलं, पदराने पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

"पोरी, तुह्यं पुस्तक. मी जपून ठेवलं होतं. ने."

रीताने माझ्याकडे पाहिलं. तिने मला हातात घेतलं, एक पान उघडलं. काळ्या पट्ट्यांच्या मधे काही इंग्रजी वाक्यं अजून शाबूत होती आणि त्यांच्याखाली तिचे माडिया शब्द होते. ती ते मनात वाचते आहे, हे मला कळलं. तिचे ओठ हलत होते. मग तिने मला मिटलं आणि परत दिलं.

"नोको, बाई. चुलीत घाल."

"अवं, इतकं जपलं मी..."

"चुलीत घाल, बाई. घरी नेलं तं बाबा भेईन."

ती गेली. ट्रकच्या धुळीत तिची पाठ थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली.

मित्रांनो, तेव्हापासून रुखमाबाई रोज सकाळी चूल पेटवायला माझं एक पान फाडते. तिचा राग येत नाही, कारण रीतानेच तिला तसं सांगितलं आहे. पुस्तकं फाडू नका, मळवू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं मागते. तुमच्या शेजारी बसणारी मुलगी एखादं पुस्तक तुम्हाला वाचायला देत असेल, आपल्याला समजलेलं तुम्हाला समजावून सांगत असेल, तर तिच्या पुढे जायची इच्छा तुम्हाला होईल. जरूर पुढे जा. पण आपल्याला पूर्ण ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नाही असं दाखवून तिला कुणाच्या हाती देऊ नका. आणि उद्या मोठे होऊन टेबलामागे बसाल, तेव्हा न कळणाऱ्या अक्षरांना भ्यायच्या आधी समोरच्या पोरीला बसायला सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. हरिदास सरांनी माझं एक पान नीट वाचलं असतं, तरी पुरे होतं. त्यांना इंग्रजी येत होती.

माझी आता अकरा पानं उरली आहेत. रुखमाबाईची पावलं ऐकू येत आहेत. लाकडं सुकी असली की तिला एक पान पुरतं. आज लाकडं ओली आहेत.