बोलण्याच्या रकान्यात

"चादरी बदलता का, काका?"

"नाही."

"दमामुळं?"

मधुकरराव काही म्हणायच्या आत त्यांची बायको फस्सकन हसली. "दमामुळं कसलं गं! लग्न झाल्यापासून ह्यांनी उशीचा अभ्रासुद्धा बदलला नाही."

भव्याही हसली. बेळगावची पोर, म्हणून ह्या कानडी शहरातही मराठीत विचारत होती. छातीच्या दवाखान्यात ती व्यायाम शिकवायची, पण त्याआधी रोग्याचा दिवस मोजायची. आंघोळ, मोजे, जिना, भांडी. दम लागत नसेल तर एक, थोडा लागला तर दोन, फार लागला तर तीन. दमापायी सोडूनच दिलं असेल तर चार. आणि जे माणूस मुळात कधी करतच नव्हतं, त्याला शून्य. चादरींना शून्य मिळालं. भांड्यांनाही.

शहराच्या एका टोकाला, पीण्या भागातल्या कारखान्यात चौतीस वर्षं लोखंड घासता घासता मधुकररावांच्या छातीत धूळ घर करून बसली होती. हे त्यांच्या बायकोला, हेमलताबाईंना, ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की आपला नवरा आपल्याशी बोलायचा का थांबला.

दीड वर्ष झालं. मुलानं, तनयनं, शहराच्या दुसऱ्या टोकाला बेळ्ळंदूरला फ्लॅट घेतला, "दोघं इकडंच या" म्हणाला, मधुकरराव तयार झाले आणि हेमलताबाई नाही म्हणाल्या. तेव्हापासून घरात हं, नको, नाहीतर कानडीतलं 'सरी', म्हणजे बरं, एवढेच शब्द. त्या नकाराचाच रुसवा, असं हेमलताबाईंनी धरलं. एरवी हा माणूस कसा? कामावरून आला की चपला काढायच्या आधी गोष्ट सुरू. बसमधलं भांडण काय, कॅन्टीनमधलं पातळ सांबार काय, कुणाची लेक कुणाबरोबर गेली ते काय! हेमलताबाईंची आई जावयाकडं बघून म्हणायची,

बोलका भ्रतार, घराला खिडक्या सात
मुका झाला तर, भिंतीला भिंतीची साथ

महिनाभर त्यांनी वाट पाहिली. मग त्याही हट्टाला पेटल्या. रुसायचं तर रुसा, मलाही येतं. ताट वाढायचं, गोळ्या पुढ्यात ठेवायच्या आणि पाठ फिरवायची.

"आता शेवटचं," भव्या म्हणाली. "बोलणं?"

"शून्य घाल," हेमलताबाईंच्या तोंडून निसटलं. "ते करतच नाहीत ते!"

टोमणा होता, पण भव्या खरंच शून्य लिहू लागली. तेव्हा मधुकररावांनी हात लांब केला आणि चारच्या आकड्यावर बोट टेकवलं.

"म्हणजे... दमापायी सोडलं, काका?"

त्यांनी मान डोलावली. "बोललो की..." खांदे वर गेले, सावकाश खाली आले. "...जेवायला श्वास उरत नाही."

हेमलताबाईंचा पदर तोंडाशी गेला. "अहो, मग मला सांगायचं होतं की!"

"सांगायलाच तर..." ते किंचित हसले. हसण्यातही श्वास गेला, म्हणून थांबले. भव्यानं पाठीवर हात ठेवला, "बोलू नका, काका," म्हणाली. पण त्यांना बोलायचंच होतं. दीड वर्ष एक प्रश्न राखून ठेवल्यासारखं त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"मी दमापायी," ते म्हणाले. "तू का गं... गप्प झालीस?"

भव्यानं मान खाली घालून कागद सारखे केले.  हेमलताबाईंची छाती तर धडधाकट होती.